बदनापूरचे स्टेशन आणि जालन्याची पेठ

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालना यांच्यामध्ये बदनापूर येते. रूळ दोघांनाही एकाच सुमारास मिळाले. मग जालना मोठी पेठ झाली आणि वीसेक किलोमीटरवरचे बदनापूर लहान का राहिले? आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

निजाम राजवटीत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. जालन्यात बाजार आणि लष्करी छावणी त्याआधीच होती. साहजिकच सरकी काढणारे जिनिंग व गाठी बांधणारे प्रेस तेथे उभे राहिले. सुटा कापूस जागा फार खातो. दाबून गाठ बांधली की त्याच डब्यात कितीतरी जास्त माल मावतो. म्हणजे वाहतुकीतला फायदा प्रेसवाल्याच्या पदरात. 'जालना सोने का पालना' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, पण त्या पाळण्यात झोपले कोण, हे सहसा विचारले जात नाही!

मनमाडला मात्र सर्वांनाच भुर्दंड पडे. मुंबईकडचा मार्ग ब्रॉडगेज, म्हणून माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. हमाली वेगळी, तूट वेगळी. १९९० च्या दशकात आपला मार्ग रुंद झाला आणि ही कटकट मिटली. पण तोवर रेल्वेने एक-दोन वॅगनचा किरकोळ माल सोडून पूर्ण मालगाडी, म्हणजे रेक, भरून देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला होता. लहान गावचा आडत्या रेकभर माल कोठून आणणार? तो ट्रककडे वळला.

जालना थांबले नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे महिको ही बियाणे कंपनी काढली, पुढे लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. बदनापूरच्या वाट्याला कृषी संशोधन केंद्र आले. 'बीडीएन-७११' या तुरीतली बीडीएन ही अक्षरे बदनापूरचीच. नाव गावाचे आहे, डाळीचा धंदाही गावात वाढायला हवा.

डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. समुद्रापासून दूर कस्टमची तपासणी करून सीलबंद कंटेनर रेल्वेने न्हावा शेवा बंदराकडे पाठवायचा, ही त्यामागची योजना. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव नव्या मार्गाला आणि जुलै २०२५ मध्ये संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली. दुसरा रूळ बदनापूरवरूनच जाईल.

येथे लहान व्यापाऱ्याची अडचण जुनीच आहे: एकट्याचा माल पुरत नाही. परंतु कंटेनरमध्ये अनेकांचा माल एकत्र भरता येतो, रेकसारखी सक्ती नाही. त्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःचा आयात-निर्यात क्रमांक हवा. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो. चार-पाच जणांनी मिळून माल भरायचा तर प्रत्येकाचे बिल, वजन आणि पॅकिंग यादी वेगळी ठेवावी. एकाच्या कागदात चूक निघाली तर सर्वांचा कंटेनर अडकतो.