घोड्याचा सौदा, गाडीचा सौदा

लेखमाला : जुनी गाडी, नवा मालक (भाग ५)

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे, आणि तो धड नाही. फसवणूक कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या कलम १७ खाली कायदा करणाऱ्यांनी त्याचं उदाहरण दिलं. 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक असतं, पण तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कायद्याच्या मते ही फसवणूक नव्हे. पुढे याच घोड्याचा आणखी एक सौदा येतो. इथे 'ब' म्हणतो, तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. 'अ' गप्प राहतो. आता मात्र त्याचं गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं.

दोन्ही सौद्यांत घोडा तोच, खोट तीच, विक्रेत्याचं मौनही तेच. फरक पडला तो खरेदीदाराने तोंड उघडल्यामुळे. घोड्याच्या जागी ऑनलाइन जाहिरातीतली सहा वर्षं जुनी हॅचबॅक उभी केली, तरी हे कलम आजही लागू आहे. मागच्या भागात आरसी, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं यांची तपासणी आली. हे कागद चोख असूनही गाडी आतून मोडलेली किंवा पुरात भिजलेली निघू शकते. लपवलेलं नुकसान पैसे भरण्याआधी कसं हुडकायचं आणि गाडी दारात आल्यावर ते उघडकीला आलं तर काय करायचं, हा या भागाचा विषय.

विकणाऱ्याला गाडीची कुंडली माहीत असते, घेणाऱ्याला नसते. या एका गोष्टीवर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला आणि उदाहरण घेतलं ते जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच. तीन नियतकालिकांनी तो निबंध साभार परत केला होता. पुढे २००१ मध्ये अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं सोपं आहे. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ओळखता येत नसेल, तर गिऱ्हाईक सगळ्यांना मधलाच भाव देतं. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने होतो. म्हणजे नुकसान लपवणारा विक्रेता एका खरेदीदारालाच बुडवत नाही, गाडी जिवापाड सांभाळणाऱ्या प्रामाणिक मालकाचा भावही पाडतो.

भारतात या लपवाछपवीचा सर्वांत वाईट प्रकार पावसाळ्यानंतर दिसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडालं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. घरांबरोबर गाड्याही पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण कायमची निकामी कोणती आणि दुरुस्त होण्याजोगी कोणती, ही रेघ सोयीने इकडेतिकडे सरकते. लिलावातून उचललेली एखादी गाडी धुऊन, सुकवून, नवी सीट कव्हरं चढवून पुन्हा बाजारात येते, तेव्हा तिच्या आरसीवर पुराचा शिक्का नसतो.

ब्रिटनमध्ये असा शिक्का आहे. विमा कंपनीने निकालात काढलेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाडीला तिथे २०१७ पासून 'एस' किंवा 'एन' ही श्रेणी मिळते. 'एस' म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, 'एन' म्हणजे सांगाडा शाबूत असलेली. शिवाय डीलरकडून घेतलेली सदोष गाडी ३० दिवसांत परत करण्याचा हक्क तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दिला आहे. भारतात आरसीवर 'टोटल लॉस' एवढे दोन शब्द छापणं सक्तीचं झालं, तरी फसवणुकीचा एक मोठा रस्ता बंद होईल. ते व्हायलाच हवं. तोवर शोध खरेदीदारालाच घ्यावा लागतो.

पहिला धागा विक्रेत्याच्या जुन्या विमा पॉलिसीत सापडतो. तिच्यावर 'नो क्लेम बोनस'ची टक्केवारी छापलेली असते. एकही क्लेम न करता वर्ष गेलं की ती २० टक्के होते, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. नुकसानीचा क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला साधारणपणे ती शून्यावर येते. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २० दिसला, तर मधल्या काळात काय झालं हे विचारायलाच हवं. गेल्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. मात्र बोनस पूर्ण आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण खिशातून पैसे देऊन केलेलं डेंटिंग-पेंटिंग विम्याच्या कागदावर उमटत नाही.

मग गाडी स्वतः पाहावी लागते, दिवसाउजेडी आणि ओळखीच्या मेकॅनिकला सोबत घेऊन. जुन्या गाड्या विकणाऱ्या ऑनलाइन मंचाने दिलेला दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल उपयोगी असतो, पण तो विकणाऱ्या बाजूने तयार केलेला असतो, हे विसरू नये. पुराची गाडी ओळखायची तर सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढावा. रोज वापरात येणारा वरचा भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची आडवी रेघ कित्येकदा तशीच राहिलेली असते. सीट ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकते त्यांच्या नटबोल्टांवरचा गंज, कार्पेटखाली हाताला लागणारी बारीक माती, स्टेपनीच्या खोबणीत बसलेला गाळ, काचा बंद ठेवून दहा मिनिटं बसल्यावर येणारा कुबट वास, यातल्या एकाचं कारण वेगळं असू शकतं. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर ती गाडी सोडून द्यावी. पाणी इंजिनापेक्षा वायरिंगला जास्त घातक असतं. जोडण्यांवर हिरवट थर चढतो आणि बिघाड चार-सहा महिन्यांनी एकेक करून वर येतात, तोवर परतीची मुदत कधीच संपलेली असते.

ठोकलेली गाडी वेगळ्या जागी पकडली जाते. बॉनेट उघडून पुढचे फेंडर धरणारे बोल्ट पाहावेत. कारखान्यात त्यांच्यावर गाडीबरोबरच रंग चढलेला असतो. पाना लागला की कडांवरचा रंग उडतो. एखादा फेंडर बदलणं हा काही गुन्हा नाही. शहरात चालणारी गाडी घासतेच, आणि विक्रेता तसं सांगत असेल तर बिघडत नाही. धोका आहे तो एप्रन, पिलर आणि चॅसिस यांना मार बसला असेल तर. दाराचं रबर ओढून पिलरची कड उघडी केली की कारखान्यातले सारख्या अंतरावरचे गोल वेल्डचे ठिपके दिसतात. तिथे ओबडधोबड वेल्डिंग किंवा पुटी दिसली, तर त्या गाडीचा सांगाडा एकदा उघडला गेला आहे. शेवटी एअरबॅगचा दिवा. इग्निशन चालू केल्यावर तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर बल्ब काढला असेल किंवा एअरबॅग उघडून गेल्यावर नवी बसवलीच नसेल. पैशांचं नुकसान भरून काढता येतं. एअरबॅग नसलेल्या गाडीत मुलाबाळांना बसवणं ही जिवाशी गाठ आहे.

एवढं पाहूनही काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यासाठी घोड्याच्या दुसऱ्या सौद्यातलं हत्यार वापरायचं. टोकन भरण्याआधी विक्रेत्याला लेखी संदेश जायला हवा, व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने: 'ही गाडी मोठ्या अपघातात सापडलेली नाही, पाण्यात बुडालेली नाही, तिची एअरबॅग उघडलेली नाही, मीटर मागे फिरवलेला नाही आणि ती टोटल लॉस ठरलेली नाही, असं धरून मी पैसे भरत आहे. यातलं काही चुकीचं असेल तर आधी कळवा.' यावर उत्तर मिळवण्याचा आग्रह धरावा, कारण त्याच करार कायद्याचं कलम १९ खरेदीदारालाही एक जबाबदारी देतं. विक्रेता नुसता गप्प राहिला असेल आणि साधी काळजी घेऊन खरेदीदाराला सत्य कळू शकत होतं असं ठरलं, तर करार रद्द करून मागता येत नाही. पण विक्रेत्याने जाणूनबुजून 'गाडी नॉन-अॅक्सिडेंटल आहे' असं खोटं लिहून दिलं असेल, तर 'तुम्ही नीट पाहायला हवं होतं' हा त्याचा बचाव फारसा टिकत नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉटही त्याच दिवशी तारखेसकट काढून ठेवावेत. व्यवहार झाला की जाहिरात काढली जाते. हे पुरावे पुढे दाखल करताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, म्हणून मूळ फोन आणि मूळ संदेश पुसू नयेत.

गाडी नेमकी कुणी विकली, यावर पुढचं बरंच काही ठरतं. गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०११ च्या नव्या गाडीचे पैसे भरले असताना डीलरने २००९ ची, आधीच काहीशे किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली आणि ओरखडे असलेली गाडी दिली, अशी त्याची तक्रार होती. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने कारखानदार कंपनीला त्या जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरने केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झालं नव्हतं. डीलर मात्र सुटला नाही. ऑनलाइन व्यवहारात म्हणूनच पावती कुणाच्या नावाची आहे हे पैसे भरण्याआधी पाहावं. मंच स्वतः गाडी विकतो, मंचावरचा डीलर विकतो, की एखादा गृहस्थ आपली घरची गाडी विकतो, यावर हक्क बदलतात. मंच किंवा डीलर विकत असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. या नियमांप्रमाणे मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. घरची गाडी विकणारा गृहस्थ साधारणपणे ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्याविरुद्ध वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग उरतो. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रारही करता येते.

समजा, नाशिकच्या एखाद्या शिक्षिकेने मंचावरून गाडी घेतली आणि पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने पिलरचं वेल्डिंग दाखवलं. सर्वांत मोठी चूक इथेच होते. लोक घाबरून किंवा चिडून आधी गाडी दुरुस्त करून घेतात आणि तिथेच पुरावा संपतो. गाडी चालवणं थांबवावं, जसं आहे तसं फोटो आणि व्हिडिओत टिपावं आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्यावा. चॅसिस क्रमांकावरून तिथे जुन्या कामांची नोंदही अनेकदा मिळते. मग त्याच दिवशी ईमेल: कोणता दोष सापडला, जाहिरातीत काय लिहिलं होतं आणि काय हवं आहे, गाडी परत करून पूर्ण पैसे, किमतीत कपात की दुरुस्तीचा खर्च. मंचाची परतीची मुदत काही दिवसांचीच असते आणि तिला बहुधा किलोमीटरची मर्यादाही असते, म्हणून फोनवर चाललेल्या गोड बोलण्यात ते दिवस घालवू नयेत. 'जशी आहे तशी' विक्री असल्याची अट पावतीवर असली म्हणूनही हातपाय गाळू नयेत. उघड दिसणाऱ्या झिजेसाठी ती अट विक्रेत्याच्या कामाला येईल, पण लेखी दिलेल्या खोट्या माहितीवर ती सहजासहजी पांघरूण घालू शकत नाही.

मंचाने टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक फार मोलाची सोय केली आहे. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि ऑनलाइनही करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत असेल तर २०० रुपये. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतचे व्यवहार चालतात. वकील करणं सक्तीचं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी.

पुढच्या आठवड्यात : गाडी विकली, पण आरसीवर नाव जुनंच राहिलं. अशा वेळी अपघाताची भरपाई कुणी द्यायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निकाल.