‘पेढी’, ‘दान’ आणि ‘ठेव’ : नाळरक्तसंग्रहाच्या परिभाषेचा विचार

परिभाषा वस्तूंना नावे देते, तद्वतच ती निर्णयालाही वळण लावते. नवजात अर्भकाचे नाळरक्त साठवून ठेवावे की नाही, हा आजच्या मातापित्यांपुढील प्रश्न या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रसूतीनंतर नाळेत व वारेत जे रक्त उरते, त्यात रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ साली पॅरिस येथे डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी पांडुरोगाने पीडित अशा एका मुलावर त्याच्या निरोगी नवजात बहिणीच्या नाळरक्ताचे यशस्वी रोपण केले. पुढे असे रक्त अतिशीत अवस्थेत जतन करणाऱ्या संस्था निघाल्या, आणि ‘रक्तपेढी’च्या धर्तीवर त्यांनाही ‘पेढी’ हेच नाव प्राप्त झाले.

या एकाच नावाखाली दोन भिन्न व्यवहार चालतात. ‘रक्तपेढी’ या समासात पेढी असली, तरी तेथे मनुष्य रक्त ‘ठेवत’ नाही. तो ‘रक्तदान’ करतो. सार्वजनिक नाळरक्तपेढी याच अर्थाची होय : दिलेले रक्त ज्या रुग्णाशी जुळेल त्याला मिळते. खासगी पेढीचा व्यवहार मात्र ‘ठेवी’चा आहे. शुल्क भरून रक्त स्वतःच्या कुटुंबासाठी राखून ठेवले जाते, आणि त्यास ‘जैविक विमा’ असे संबोधिले जाते.

ठेव अडचणीच्या वेळी ठेवीदाराच्या उपयोगी पडावी, अशी सर्वसामान्य अपेक्षा असते. परंतु आनुवंशिक रक्तविकारात मुलाच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो. बालपणीच्या रक्तकर्करोगातही रोगाचे बीज त्या पेशींत आधीच असण्याचा संभव असतो. पॅरिसच्या उदाहरणातही रक्त एकीचे व रुग्ण दुसरा होता. याच कारणास्तव इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संघटनेने २०१८ साली ‘जैविक विमा’ ही कल्पना अमान्य केली. मात्र भावंडास अथवा जन्मदात्यांपैकी कोणास मूलपेशीरोपणाने बरा होऊ शकणारा रोग असल्यास खासगी संग्रहाची तिने आवर्जून शिफारस केली आहे.

‘ठेव’ व ‘दान’ यांखेरीज एक तिसरा मार्गही आहे, आणि त्यास स्वतंत्र नाव नसल्यामुळे तो सहसा दृष्टीआड राहतो. जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ बांधू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्या अवधीत ते रक्त अर्भकाच्याच शरीरात जाते व त्याच्या लोहसाठ्यात भर पडते. संग्रहासाठी अधिक रक्त मिळावे म्हणून हा अवधी कमी करणे इष्ट नव्हे.

सारांश, कुटुंबात असा रुग्ण नसेल, तर ‘ठेव’ या शब्दाने निर्माण होणारी निश्चिती वस्तुस्थितीस धरून नाही. कोशकारांनी व वैद्यकीय लेखकांनी ‘पेढी’ या शब्दाऐवजी ‘नाळरक्तदान केंद्र’ आणि ‘खासगी नाळरक्तसंग्रह’ अशा दोन वेगळ्या संज्ञा योजल्यास मातापित्यांना आपण नेमके काय करीत आहो, हे निर्णयापूर्वीच उमगेल.