म्हैसूरची रेल्वे मद्रासने गिळली काय?

म्हैसूरच्या रेल्वे वस्तुसंग्रहालयात महाराणींच्या सलूनसमोर उभा राहून एखादा वयोवृद्ध गृहस्थ आपल्या नातवंडांस, "ही आपल्या संस्थानची स्वतंत्र रेल्वे; १९५१ साली मद्रासवाल्यांनी ती गिळली आणि तिचे नावनिशाण पुसून टाकले," असे सांगू लागला की आसपासची मंडळी माना डोलावतात, आणि हेच वाक्य लग्नाच्या पंगतीत, निवृत्त रेल्वे सेवकांच्या बैठकीत व वर्तमानपत्री स्मरणलेखांत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास भासत नाही. वाक्य आकर्षक आहे, स्वाभिमानाला सुखावणारे आहे; परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द इतिहासाच्या दफ्तराशी विसंगत आहे.

कोणत्याही रेल्वेच्या बाबतीत मालकी कोणाची, वहिवाट कोणाची आणि डब्यांवर नाव कोणाचे हे तीन निरनिराळे प्रश्न असतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की असे गैरसमज जन्मास येतात. ब्रिटिश कमिशनरांच्या अमदानीत आरंभलेला आणि रंगाचार्लू दिवाण असताना १८८२ साली म्हैसूरपर्यंत पोचलेला बंगळूर-म्हैसूर मीटरगेज मार्ग संस्थानच्या खजिन्यातून बांधला गेला, हे निर्विवाद आहे; मालकी म्हैसूरचीच. परंतु तोच मार्ग पुढे हरिहरपर्यंत नेण्यास द्रव्यबळ अपुरे पडू लागल्यावर १८८६ साली तो सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या हवाली करण्यात आला, आणि तेव्हापासून गाड्या धावत्या ठेवणारी कंपनी ही लंडनची होती. ज्यांना शंका असेल त्यांनी राइस यांचे १८९७ चे म्हैसूर गॅझेटियर उघडून पाहावे. आणि ज्या सलूनसमोर उभे राहून संस्थानच्या स्वतंत्र रेल्वेचे गोडवे गायले जातात, स्वयंपाकघर व भोजनाची सोय असलेले ते सलून १८९९ चे, म्हणजे नेमके या विलायती वहिवाटीच्याच काळातले! राजचिन्ह राजवाड्याचे आणि वेळापत्रक कंपनीचे, असा तो मामला होता.

आता मद्रासकडे वळू. १९०७ च्या अखेरीस मद्रास रेल्वेचा करार संपुष्टात आला, सरकारने तिचे मार्ग वाटून दिले, आणि त्यांतील मोठा हिस्सा सदर्न मराठाशी जोडून १ जानेवारी १९०८ रोजी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली. मुख्यालय अर्थातच मद्रासेत. म्हणजे म्हैसूरच्या रुळांवर गाड्या चालविणाऱ्या कंपनीच्या नावात 'मद्रास' हा शब्द आला तो १९०८ साली, १९५१ साली नव्हे. आणि गंमत अशी की तेव्हा कोणी अश्रू ढाळल्याचे आज कोणी सांगत नाही. उलट १९१९ साली संस्थानने आपल्या कित्येक मार्गांची वहिवाट या कंपनीकडून परत घेतली, तेव्हा खऱ्या अर्थाने म्हैसूर स्टेट रेल्वे ही स्वतःच्या नावाने व स्वतःच्या माणसांनी चालणारी संस्था झाली. हे पर्व तीन दशकांचे आहे, अभिमान बाळगण्याजोगेही आहे. पण ते अनादि नाही.

आणि १९५१ साली गिळंकृत करणारा तरी कोण होता? मद्रास अँड सदर्न मराठा आणि साउथ इंडियन या दोन्ही रेल्वेंचा कारभार १ एप्रिल १९४४ पासून सरकारकडे आलेला होता. व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार संस्थानांच्या वित्तव्यवस्थेचे एकीकरण झाले आणि १ एप्रिल १९५० रोजी म्हैसूरची रेल्वे, इतर संस्थानी रेल्वेंप्रमाणेच, केंद्राकडे गेली. राज्यघटनेने रेल्वे हा विषय संघसूचीत घातलेलाच होता. तेव्हा १४ एप्रिल १९५१ रोजी या तिन्ही रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे स्थापन झाली त्या दिवशी भाग विकणारा कोणी नव्हता, विकत घेणाराही नव्हता. एकाच घरातील तीन चुली मोडून एक केली, एवढेच झाले. मुख्यालय मद्रासेत राहिल्यामुळे नेमणुका, बदल्या आणि खर्चाचे निर्णय तिकडे गेले, ही तक्रार मात्र खोटी नाही, आणि ती मांडण्यास गिळण्याची कथा रचण्याची आवश्यकताही नाही.

कंपनीने कंपनी विकत घेणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर उत्तर अमेरिकेकडे पाहावे. कॅल्गरीच्या कॅनेडियन पॅसिफिकने सुमारे ३१ अब्ज डॉलरच्या व्यवहारात कॅन्सस सिटी सदर्न घेतली आणि कॅनडा, अमेरिका व मेक्सिको या तीन देशांतून जाणारी एक रेल्वे १४ एप्रिल २०२३ रोजी (तारखेचा योगायोग पाहण्यासारखा आहे) सुरू झाली. तेथे विकत घेतलेल्या कंपनीचे नाव पुसले गेले नाही, ते नव्या नावात जोडले गेले; परंतु मुख्यालय कॅल्गरीतच राहिले. याउलट युरोपात युरोस्टार व थॅलिस या रेल्वे कंपन्या एकत्र आल्यावर थॅलिस हे नाव २०२३ मध्ये अंतर्धान पावले, तरी पॅरिस-ब्रुसेल्स गाड्या पूर्ववत धावत आहेत. नाव राहिले म्हणून सत्ता राहिली असे नाही, आणि नाव गेले म्हणून गाडी गेली असेही नाही, इतका साधा हिशेब आपल्या मंडळींना का उमगू नये?

सदर्न मराठा रेल्वे ही मराठे सरदारांची किंवा मराठी भांडवलाची होती, असे म्हैसूर-बेळगावकडील आपली काही मंडळी छातीठोकपणे सांगतात. तसे काही नव्हते. इंग्रजी कागदपत्रांत धारवाड-बेळगाव-विजापूरकडील मुलखास दक्षिणी मराठा मुलूख म्हणत, दुष्काळानंतर १८८२ साली तेथे रेल्वे बांधण्यासाठी उभी राहिलेली ती लंडनची कंपनी, आणि पुणे-मिरज-लोंढा मार्गही तिच्याच वहिवाटीचा.

गोव्याची रेल्वे पोर्तुगिजांची होती, हेही अर्धसत्य. मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतच्या मार्गाची कंपनी लंडनची, हमी पोर्तुगीज सरकारची, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून सरहद्द ओलांडून गाड्या चालविणारी सदर्न मराठा.

टिपू एक्सप्रेसचे २०२२ साली वडेयर एक्सप्रेस झाले म्हणजे जुनी संस्थानी रेल्वे परतली, असे मानणाऱ्यांस काय सांगावे? गाडीचे नाव मंत्रालयाच्या एका हुकमाने बदलते. मालकी किंवा वहिवाट त्याने बदलत नाही.

तीच गत १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या नैर्ऋत्य रेल्वेची; तिच्यामुळेही जुनी संस्थानी रेल्वे परतलेली नाही. बंगळूर व म्हैसूर हे विभाग दक्षिण रेल्वेतून आणि हुबळी हा दक्षिण-मध्य रेल्वेतून काढून हे नवे क्षेत्र बनविण्यात आले, त्याचे मुख्यालय हुबळीस आहे, आणि म्हैसूर हा त्याच्या विभागांपैकी एक विभाग आहे.