वणवा, रोपवन आणि ग्रामसभेची हरकत
होळीच्या सुमारास सातपुड्यातला साग जवळजवळ निष्पर्ण झालेला असतो. जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो आणि त्याच दिवसांत अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याकडे मोह फुलू लागतो. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात. फिकट, रसरशीत फुलं पाचोळ्यात हरवतात, म्हणून वेचणारे आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात. वारा फिरला की तोच जाळ डोंगर चढू लागतो. इथल्या वणव्यांमागचं हे एक जुनं कारण.

वनखात्याचा बंदोबस्त ठरलेला आहे. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे एका पट्ट्यातलं गवत-पाचोळा काढून किंवा जाळून जमीन उघडी करायची. आलेली आग तिथे खायला काही न मिळून थांबते. उपग्रहाने आगीचा ठिपका टिपला की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाईलवर संदेश येतो. उजाड झालेल्या भागात रोपवन घेतात: चर, खड्डे, रोपं आणि काही वर्षं चराईबंदी.

जंगल वाचावं असं गावालाही वाटतं. मग हरकत कशाला? पहिली जमिनीला. नकाशावर उजाड दिसणारा तुकडा कुणीतरी कसत असतो. १९९० साली सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचं २,७०० हेक्टर जंगल देण्यात आलं, तेव्हा त्यातली काही जमीन स्थानिक आदिवासी आधीपासून कसत होते. दुसरी हरकत चराईला. शेळ्या-बैल न्यायचे कुठे, हे चराईबंदीचा फलक सांगत नाही.

तिसरी हरकत भीतीतून येते, आणि मला ती सगळ्यांत रास्त वाटते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. शिवाय आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर राज्य सरकार त्या भागातले चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकतं. आग एकाने लावायची आणि मोह सगळ्या गावाचा बुडायचा. त्याच कायद्याचं कलम ७९ मात्र जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधन घालतं. ज्याचे हक्क काढून घेण्याची धास्ती घालायची, त्यानेच जीव धोक्यात घालून धावायचं, हे न्यायाचं नाही.

हरकतीला बळ मिळतं ते २००६ च्या वनहक्क कायद्यातून. वैयक्तिक दावा प्रलंबित असेल, तर कलम ४(५) प्रमाणे पडताळणी संपेपर्यंत कसणाऱ्याला हटवता येत नाही. खड्डे त्याच्या वावरात पडत असतील तर ठरावात हे कलम लिहावं. पण खरी ताकद सामूहिक दाव्यात आहे. कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला आहे. ग्रामसभेने नेमलेली वनहक्क समिती पाहणी करते, नकाशा आखते, पुरावे जोडते. वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा असतो. मग ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. तिथे दावा फेटाळला तर महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय समितीकडे अपील करता येतं.

२०१२ च्या सुधारित नियमांनुसार वनहक्काच्या या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बायका हव्यात. ही अट नुसती सह्यांपुरती उरकू नये. मोह वेचायला जाणाऱ्या बायकांना कुठल्या झाडाखाली जाळ लागतो, कुठे वारा वर ओढतो, हे पाठ असतं.

हक्क मंजूर झाला की ग्रामसभेची समिती व्यवस्थापन आराखडा करते आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो. हरकत इथे नुसता नकार राहत नाही. सागाऐवजी मोह, चारोळी, बांबू लावा. चराई आळीपाळीने बंद ठेवा. मोहाखाली जाळी अंथरा, नाहीतर पाचोळा झाडून दूर ढीग करा. जाळरेषेची मजुरी गावालाच द्या, असं सगळं त्यात मांडता येतं. ठराव मात्र डिसेंबर-जानेवारीतच करून पोच घेतलेली बरी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा आखून झालेल्या असतात आणि पावसाच्या तोंडावर खड्डेही खणून तयार असतात.