दुसऱ्या गाडीचं इंजिन फाउंडेशन आपल्या जीपला चालेल काय?



हंगाम तोंडावर आला की वर्षभर शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या बाहेर निघतात. बॅटरी चार्ज होते, ऑइल बदललं जातं आणि बॉनेट उघडल्यावर कळतं की इंजिनखालचं रबरी फाउंडेशन फाटलेलं आहे. जुन्या मॉडेलचं मूळ फाउंडेशन तालुक्याच्या दुकानात सहजासहजी मिळत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "अमक्या गाडीचं बसवून देतो, काही होत नाही." हे चालेल का, असं अनेक सभासद आमच्या वाहन विभागात येऊन विचारतात. चालतं, पण प्रत्येक वेळी नाही. केव्हा चालतं आणि केव्हा नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. मागे एका सभासदाच्या जीपला डाव्या बाजूचं फाउंडेशन आम्हीच दुसऱ्या एका लहान गाडीचं बसवून दिलं. भोकं जुळत नव्हती, ती गॅसने लांबट केली. उंची थोडी कमी पडली, तिथं वॉशर घातले. गाडी रस्त्यावर दोन महिने झकास चालली. मग एके दिवशी बेण्याची ट्रॉली जोडून लो गिअरमध्ये ओल्या रानातून बांध चढताना ते रबर तुटलं. इंजिन डाव्या बाजूने वर उचललं गेलं, त्याबरोबर अॅक्सिलरेटरचा दांडा ओढला गेला, आणि पाय काढला तरी जीप पुढे झेपावली. समोर रिकामी टायरगाडी उभी होती, तिच्यावर आदळून थांबली. दहा पावलांवर तोडणी कामगारांच्या कोपी होत्या. कुणाला इजा झाली नाही ही नशिबाची गोष्ट, आमच्या कामाची नव्हे.

आता असं का झालं ते पाहू.

फाउंडेशनला तीन कामं असतात. इंजिन-गिअरबॉक्सचं वजन पेलणं, इंजिनचा हादरा चासीपर्यंत जाऊ न देणं, आणि इंजिन जागेवर धरून ठेवणं. मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन थेट चासीला बोल्टने आवळत आणि सगळी गाडी थरथरत असे. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लिमथ गाडीत इंजिन विचारपूर्वक ठरवलेल्या जागी रबरावर तोलून बसवलं, आणि चार सिलिंडरची गाडीही कमी हादऱ्याने चालते हे लोकांना दिसलं. आपल्या जुन्या जीपमध्ये पुढे दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक अशी मांडणी असते.

फाउंडेशन हे बैलांच्या जुवासारखं समजा. एक बैल उंच आणि एक बुटका असला की जू तिरपं होतं आणि खांदा सोलतो. नवीन जोडी आणली की आपण जू तपासतो. इथंही तसंच. "बसलं" म्हणजे "पेलेल" असं नाही.

पहिली गोष्ट पिळाची. इंजिन चाकांना जितक्या जोराने फिरवतं, तितक्याच जोराने ते स्वतः उलट दिशेला कलंडू पाहतं. एक सोपा हिशेब करू. इंजिनचा पीळ १२ किलोग्रॅम-मीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये तो तिप्पट, म्हणजे ३६ झाला. पुढची दोन फाउंडेशन अर्ध्या मीटरच्या अंतरावर आहेत. मागचं फाउंडेशन घेतं तो वाटा सोडून दिला, तर एका बाजूला ७२ किलोचा दाब आणि दुसऱ्या बाजूला ७२ किलोची उचल येते. त्या फाउंडेशनवर इंजिनचं ८० किलो वजन असेल, तर ते जेमतेम बसून राहतं. पण लो गिअर टाकला की पीळ आणखी अडीच पट, म्हणजे ९० होतो. उचल होते १८० किलो. वजन वजा केलं तरी रबरावर १०० किलोची ओढ राहते. रबर दाब भरपूर सोसतं, ओढ फारशी सोसत नाही. पुढे जाताना ही उचल सहसा डाव्या, म्हणजे क्लीनरच्या बाजूला येते. म्हणूनच आमचं फाउंडेशन रस्त्यावर टिकलं आणि बांधावर तुटलं.

हे फक्त जुगाडातच घडतं असं नाही. जनरल मोटर्सने १९७१ च्या डिसेंबरमध्ये याच कारणासाठी सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. फाउंडेशन तुटून इंजिन उचललं जाई आणि अॅक्सिलरेटर ओढला जाई. इंजिन फार वर येऊ नये म्हणून त्या गाड्यांना तारेचा दोर बसवून देण्यात आला.

दुसरी गोष्ट हादऱ्याची. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. आयडलिंगला मिनिटाला ७५० फेरे असतील, तर सेकंदाला २५ धक्के बसतात. रबरावर ठेवलेल्या इंजिनलाही झोक्यासारखी स्वतःची एक लय असते. रबर वजनाने ३ मिलिमीटर दबत असेल, तर ती लय सेकंदाला साधारण ९ येते. २५ आणि ९ मध्ये अंतर आहे, म्हणून हादरा गाडीत येत नाही. आता "मजबूत असू दे" म्हणून मोठ्या टेम्पोचं कडक फाउंडेशन बसवलं आणि ते अर्धा मिलिमीटरच दबलं, तर लय २२ वर जाते. नागपंचमीच्या झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका वाढतच जातो. तसंच इथं होतं. गाडी उभी असतानाच स्टेअरिंग थरथरतं, दिव्यांच्या फिलामेंट तुटतात, रेडिएटरचे सांधे सुटतात. तेव्हा कडक म्हणजे चांगलं, ही समजूत सोडावी.

तिसरी गोष्ट मापाची. पंखा इंजिनवर असतो आणि रेडिएटर चासीवर. इंजिन अर्धा इंच खाली बसलं तर पंखा रेडिएटरच्या पिंजऱ्याला घासतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला तर क्रॉस लवकर जातात. सायलेन्सरच्या पाइपवर ताण येऊन तो चिरतो.

तेव्हा दुसऱ्या गाडीचं फाउंडेशन घ्यायचंच असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. ते ज्या इंजिनचं आहे त्याचं वजन आणि सिलिंडरची संख्या आपल्या इंजिनच्या जवळपास असावी. तीन सिलिंडरच्या लहान गाडीचं जीपला नको.

२. उंची वजन पडल्यावर मोजावी. दबलेल्या जुन्या रबराचं माप धरू नये. उंची कमी पडली तर पूर्ण बैठकीच्या आकाराची एकच लोखंडी पट्टी घालावी, वॉशरची चळत नको.

३. भोकं गॅसने लांबट करू नयेत. ६ ते ८ मिलिमीटरची प्लेट घेऊन ड्रिलने नवी भोकं पाडावीत. मूळ फाउंडेशन तिरपं असेल तर नवीनही त्याच कोनात बसवावं.

४. वेल्डिंग करताना फाउंडेशन काढून ठेवावं. उष्णतेने रबर आणि लोखंडाची चिकटण सुटते, आणि ते वरून दिसत नाही. बॅटरीची वायर आधी काढावी. डिझेलच्या नळीजवळ वेल्डिंग करू नये.

५. पुढची दोन्ही फाउंडेशन एकदम आणि एकाच जातीची बदलावीत. ऑइल गळत असेल तर आधी ते थांबवावं. साधं रबर ऑइलने फुगतं आणि मऊ पडतं.

६. नव्या मोटारींत आत द्रव भरलेली फाउंडेशन येतात. ती त्या-त्या गाडीसाठी आणि ठरावीक बाजू वर ठेवून बसवण्यासाठीच बनवलेली असतात. जुन्या जीपला लावू नयेत.

७. टायरचे किंवा जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे घालू नयेत. त्यांना लोखंड चिकटवलेलं नसतं, त्यामुळे उचल आली की धरायला काही राहत नाही.

८. रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी आठवणीने परत जोडावी. नाहीतर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि ती जळते.

९. इंजिन आणि चासीच्या मध्ये थोडी ढिली साखळी बांधावी. फाउंडेशन तुटलंच तर ती इंजिन धरून ठेवते. आता आमच्याकडे बदललेलं फाउंडेशन साखळीशिवाय बाहेर जात नाही.

काम झाल्यावर गाडी मोकळ्या जागेत उभी करावी, चाकांना ओंडके लावावेत, हँडब्रेक ओढावा. एकाने क्लच किंचित सोडावा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते पाहावं. गाडीच्या समोर कुणीही थांबू नये. हीच परीक्षा रिव्हर्समध्येही करावी. पाचशे किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

फाउंडेशन बदलणं वेगळं आणि इंजिनच दुसरं बसवणं वेगळं. इंजिन बदलायचं असल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ कडे लक्ष द्यावं आणि आर.टी.ओ. कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

शेवटी एक विनंती. फाटलेलं जुनं फाउंडेशन फेकून देऊ नका. तेच तुमचं माप आणि तोच तुमचा नमुना. ते आणि गाडी घेऊन वाहन विभागात या. जुळणारं फाउंडेशन मिळालं तर बसवून देऊ. जुळत नसेल तर नाही म्हणून सांगू, आणि मूळचं मागवू. त्यात चार दिवस जीप उभी राहील. तेवढे दिवस मोटारसायकलवर फडावर जावं, पण फडातल्या माणसांच्या जिवाशी खेळ नको.