घरपोच आंबा आणि ग्राहकाचा विश्वास

चैत्र लागला की कोकणातील हापूसच्या बागांत झेल्यांची लगबग सुरू होते. कित्येक वर्षे या लगबगीचा शेवट एकाच ठिकाणी होत असे. पडवीत पेट्या भरल्या जात, त्या ट्रकने मुंबईच्या घाऊक बाजारात रवाना होत आणि काही दिवसांनी दलालाकडून पट्टी येई. पट्टीवर भाव असे, भाडे असे, हमाली असे. परंतु ते फळ कोणाच्या घरी गेले, ते गोड निघाले की आतून खराब निघाले, याचा उल्लेख तीत कधीच नसे. बागायतदाराचा ग्राहक म्हणजे दलाल, आणि फळ खाणारा माणूस त्याला सर्वस्वी अपरिचित, अशी ही स्थिती होती.

गेल्या काही वर्षांत ही स्थिती पालटली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी यूपीआयद्वारे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सोय सुरू झाली. पुढे २०२० सालच्या टाळेबंदीत ऐन हंगामात बाजाराची वाट बिकट झाली, तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहसंस्थांकडून थेट मागणी नोंदवून घेतली आणि पेट्या घरपोच केल्या. त्या वेळी अडचणीतून निघालेला हा मार्ग आज पुष्कळांच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग झाला आहे. मागणी व्हॉट्सॲपवर येते, रक्कम मोबाइलवर जमा होते आणि पेटी पार्सलने जाते.

या मार्गात मधला खर्च वाचतो, हे खरे. परंतु दलाल जी कामे करीत असे, ती कामे मात्र नाहीशी होत नाहीत. माल पारखणे, गिऱ्हाईक सांभाळणे, तक्रार ऐकून घेणे आणि उधारी-वसुली पाहणे ही सर्व जबाबदारी आता बागायतदाराच्या अंगावर येते. झाडाची निगा राखण्यात जो वाकबगार आहे, तो ग्राहकाची निगा राखण्यात तितकाच वाकबगार असतो असे नाही. ही दुसरी निगाही शिकावी लागते.

आश्वासन देताना

ऑनलाइन व्यवहारात ग्राहक माल हातात घेऊन पाहू शकत नाही. तो केवळ शब्दावर व छायाचित्रावर विसंबून पैसे देतो. म्हणून मागणी स्वीकारण्यापूर्वीच सर्व गोष्टी लेखी कळवाव्यात. एका पेटीत फळे किती, प्रत्येक फळाचे वजन साधारण किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंत, फळ कच्चे पाठविले जाईल की अर्धपक्व, पाठवणी कोणत्या आठवड्यात होईल आणि पार्सलखर्चासह एकूण रक्कम किती, ही पाच उत्तरे प्रत्येक ग्राहकास मिळालीच पाहिजेत. भाव एक सांगावयाचा आणि पेटी दारात पोहोचल्यावर भाड्याचे पैसे वेगळे मागावयाचे, असे एकदा झाले तरी ते ग्राहक विसरत नाही. छायाचित्रही चालू हंगामातील व आपल्याच बागेतील असावे.

मोहोर पाहून हुरळून जाऊन मागणी नोंदविण्याचा मोह अनेकांना होतो. हापूस हे दरवर्षी सारखे फळ देणारे झाड नव्हे. शिवाय तुडतुडे, अवकाळी पाऊस, उष्णतेची लाट आणि फळगळ यांतून किती फळ हाती लागेल, हे मोहोरावरून सांगता येत नाही. यास्तव फळ अंड्याएवढे झाल्यानंतर बागेचा अंदाज घ्यावा आणि त्या अंदाजापेक्षा बऱ्याच कमी पेट्यांची आगाऊ मागणी घ्यावी. पुढे फळ अधिक निघाले तर ग्राहकास आनंदाने कळविता येते. कमी निघाले तर दिलेला शब्द मोडावा लागत नाही.

निम्म्या तक्रारी बागेतच टळतात

ग्राहकाशी गोड बोलणे आवश्यक आहेच. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची एक जुनी म्हण आहे. परंतु कोंडा एकदाच विकला जातो. दुसऱ्या वर्षीची मागणी मालावरच अवलंबून असते.

दूरच्या ग्राहकासाठी फळ सुमारे चौदा आणे तयार झाल्यावर काढावे. कोवळे फळ पिकताना सुरकुतते व आंबट राहते. झाडावर फार तयार झालेले फळ वाटेत नरमते आणि त्यात साक्याचे प्रमाणही वाढते. काढणी सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने फळ देठासह निघते. त्यामुळे चीक सालीवर ओघळत नाही व डाग पडत नाहीत. काढलेले फळ तापलेल्या जमिनीवर न ठेवता तत्काळ सावलीत न्यावे. डागी, दबलेली व फळमाशीची शंका असलेली फळे बाजूला काढावीत. हवा खेळण्यासाठी छिद्रे असलेल्या मजबूत पुठ्ठ्याच्या खोक्यात फळे हलणार नाहीत अशी बसवावीत. वरच्या थरात मोठी व खालच्या थरात लहान फळे भरण्याची युक्ती घाऊक बाजारात कदाचित एखादे वेळी खपून जाईल. घरच्या ग्राहकापुढे ती पहिल्याच दिवशी उघडी पडते.

पेटीत एक छापील चिठ्ठी अवश्य ठेवावी. पेटी मिळताच उघडावी, फळे गवतावर किंवा कागदावर एका थरात पसरावीत, कच्ची फळे शीतकपाटात ठेवू नयेत, सुवास सुटून फळ बोटाला किंचित मऊ लागल्यावर खावे, एवढ्या सूचना पुरेशा आहेत. कच्चा आंबा अति थंडीत ठेवला तर तो नीट पिकत नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे चांगले फळ बिघडते आणि दोष मात्र बागायतदाराच्या माथी येतो.

साक्याची तक्रार

ग्राहकसंबंधाची खरी कसोटी लागते ती तक्रार आल्यावर. हापूसच्या बाबतीत सर्वांत अवघड तक्रार साक्याची होय. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापावे, तो आत गर पांढुरका, स्पंजासारखा व आंबूस निघावा, असा हा दोष आहे. तो कीड किंवा रोग नसून फळाच्या शरीरक्रियेतील बिघाड आहे. जमिनीतून परावर्तित होणाऱ्या उष्णतेशी त्याचा संबंध असल्याचे आढळले असून झाडाखाली गवताचे आच्छादन केल्यास तो कमी होतो. तथापि साल पाहून साका ओळखता येत नाही. म्हणजे बागायतदाराने जाणूनबुजून फसविलेले नसते आणि तरीही ग्राहकाचे नुकसान झालेले असते.

अशा वेळी काय करावे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, पाच डझनांच्या एका पेटीतील चार फळे साक्याची निघाली आणि ग्राहकाने कापलेल्या फळांची छायाचित्रे पाठविली. बागायतदार रात्री उशिरा बागेतून थकून आलेला आहे. तो लिहितो, "आमच्या बागेत साका नाही. तुम्ही नीट ठेवले नसतील." एवढ्यावर संवाद संपतो. चार फळांचे पैसे वाचतात. परंतु तो ग्राहक परत येत नाही, आणि ती छायाचित्रे त्याच्या गृहसंस्थेतील प्रत्येकाच्या मोबाइलवर जातात.

दुसरा बागायतदार त्याच तक्रारीस असे उत्तर देतो: "आपल्या पेटीत चार फळे खराब निघाली, याचे वाईट वाटते. हा साका आहे. तो बाहेरून दिसत नाही व कोणत्याही रसायनामुळे होत नाही. चार फळांची रक्कम आजच परत करीत आहे. उरलेली फळे पिकल्यावर कशी निघाली, ते कृपया कळवावे." साठ फळांतील चार फळे म्हणजे पेटीच्या किमतीचा पंधरावा हिस्सा. तो ग्राहक वर्षाला दोन पेट्या घेणारा असेल, तर पाच वर्षांत दहा पेट्यांचा व्यवहार या पंधराव्या हिश्शाने राखला जातो. शिवाय प्रत्येक हंगामात अशी काही भरपाई द्यावी लागणारच, हे गृहीत धरून तिची तरतूद भावातच करून ठेवावी. मग रक्कम परत करताना जीव कासावीस होत नाही.

तक्रारीस त्याच दिवशी उत्तर द्यावे. पूर्ण निकाल लागण्यास वेळ लागणार असेल, तर निदान तक्रार पोहोचल्याचे कळवावे. रागाने लिहिलेल्या मजकुरास रागाने उत्तर देऊ नये. चूक आपली असेल तर ती सरळ मान्य करावी; पार्सलवाल्याच्या हयगयीने पेटी दबली असली, तरी ग्राहकाने पैसे बागायतदारास दिलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. पार्सलसंस्थेशी भांडण आपण करावे, ग्राहकास त्यात गुंतवू नये.

मात्र ग्राहक नेहमीच बरोबर असतो, असेही मानण्याचे कारण नाही. पेटी मिळाल्यापासून किती दिवसांत व कोणत्या पुराव्यासह तक्रार करावी, हे आधीच कळविलेले असावे. वारंवार निराधार तक्रारी करणाऱ्यास पुढील वर्षी सौम्य शब्दांत नकार द्यावा. पैसे जमा झाल्याचे केवळ चित्र पाहून पेटी पाठवू नये, आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. तो मागणारा ग्राहक नसून भामटा समजावा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

नावाची किंमत

एक मोह याहून मोठा आहे. मागणी नोंदविलेली आहे, पैसे आलेले आहेत आणि बागेत फळ कमी पडले आहे. अशा वेळी बाहेरून आणलेला आंबा आपल्या पेटीत भरून पाठवावा, असे मनात येते. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. हे नाव एकट्याचे नसून सर्व बागायतदारांचे आहे. एकाने बाहेरचा माल या नावाने विकला, तर संशय सगळ्यांच्या पेटीवर येतो. फळ कमी पडले तर ग्राहकास तसे कळवून रक्कम परत करणे, हाच मार्ग होय. तसेच कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. भाताच्या पेंढ्यात आढी घालावी, अथवा परवानगी असलेल्या मर्यादेत इथिलीन वायूचा उपयोग करावा आणि कोणती पद्धत वापरली, ते ग्राहकास मोकळेपणाने सांगावे.

कायद्याचीही जाण असावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे नियम लागू झाले. ऑनलाइन बाजारमंचावरून विकणाऱ्याने सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास अथवा रक्कम परत देण्यास नकार देऊ नये, असे त्या नियमांत म्हटले आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एक महिन्यात व्हावे, अशी मुदत आहे. स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यासही मनाई आहे. आंब्यासारख्या नाशवंत मालास एक महिना फारच झाला; तथापि या नियमांचा आशय लहान बागायतदारानेही आपला समजून पाळावा.

एक वही पुरेशी आहे

या सर्वांसाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. एक वही घालावी. तीत ग्राहकाचे नाव, पत्ता, मागणीची तारीख, मिळालेली रक्कम, फळ काढल्याची तारीख, झाडांचा गट, पाठवणीची तारीख, तक्रार आणि तिचा निकाल असे रकाने आखावेत. हंगाम संपल्यावर ही वही वाचली असता पुष्कळ बोध होतो. साक्याच्या बहुतेक तक्रारी एकाच उताराच्या झाडांच्या असल्या, तर पुढील वर्षी तेथे आच्छादन वाढवावे. दबलेल्या फळांच्या तक्रारी एकाच मार्गावरच्या असल्या, तर खोका किंवा वाहतूक बदलावी. पट्टीवर जे कधी कळत नसे, ते आता ग्राहक आपण होऊन सांगतो. तक्रार ही या दृष्टीने बागेची फुकट मिळालेली तपासणीच होय. ग्राहकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक मात्र दुसऱ्या कोणासही देऊ नयेत.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे बरेच करता येण्यासारखे आहे. ऐन काढणीत एकट्या कुटुंबाला बाग, पॅकिंग आणि मोबाइल हे तिन्ही सांभाळणे कठीण जाते. पाचदहा बागायतदारांचा गट करून फळांची प्रतवारी, खोका, चिठ्ठी व भरपाईचा नियम एकसारखा ठेवावा आणि ग्राहकांशी बोलण्याचे काम गटातील शांत स्वभावाच्या एका व्यक्तीकडे सोपवावे. घरातील शिकलेल्या मुली-सुना हे काम उत्तम करू शकतात. हंगामापूर्वी एखाद्या सायंकाळी गटाची बैठक घेऊन मागील वर्षीच्या तक्रारी वाचून दाखविल्या, तर व्याख्यानापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल.

पावसाळा सुरू झाला म्हणजे बाग शांत होते, पण नाते तोडू नये. हंगामअखेर प्रत्येक ग्राहकास आभाराचे दोन शब्द लिहावेत आणि मोहोर आल्यावर बागेची खरी हकीकत कळवावी. पीक कमी असेल तर तेही लपवू नये. कलम लावल्यावर पहिली काही वर्षे त्याचा मोहोर खुडून टाकावा लागतो, तेव्हा पुढे झाड जोमदार फळते. विश्वासाचेही तसेच आहे. प्रारंभी चार फळांचा तोटा जो सोसतो, त्याच्या दारी ग्राहक पुढील चैत्रात आपण होऊन येतो.