रेडवुडच्या जंगलात मुक्काम

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, पॅसिफिक महासागराच्या काठाने, जंगलाचा एक अरुंद पट्टा पसरला आहे. या जंगलात रेडवुड नावाचे वृक्ष वाढतात. त्यांचे लाकूड तांबूस असते, म्हणून हे नाव पडले. जगातील सर्वांत उंच झाडे हीच. दिल्लीच्या कुतुबमिनाराचे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्याची उंची सुमारे ७३ मीटर आहे. सर्वांत उंच रेडवुड ११५ मीटरांहूनही उंच आहे. कुतुबमिनार त्याच्या शेजारी उभा केला, तर तो झाडाच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंतही पोहोचणार नाही!

गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या झाडाचे फळ बोराएवढे आणि बी टोमॅटोच्या बीएवढे असते. मुळेही फार खोल जात नाहीत. ती दोन ते चार मीटरच खाली उतरतात. पण आडवी दूरवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्यामुळे वादळात झाडे एकमेकांना धरून उभी राहतात. काही रेडवुड दोन हजार वर्षांहून अधिक जगले आहेत.

मग एवढ्या उंच शेंड्यापर्यंत पाणी कसे पोहोचते? त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. परंतु उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुके येते. ते पानांवर साचते, त्याचे थेंब होतात आणि खाली टपटपतात. काही पाणी तर पानेच शोषून घेतात. म्हणूनच हे वृक्ष समुद्रापासून फार दूर वाढत नाहीत.

झाडाची साल सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकते. त्यात राळ नसल्यामुळे ती सहज पेट घेत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बिग बेसिन या उद्यानात भयंकर वणवा लागला. उद्यानातील कचेऱ्या आणि घरे जळून गेली, झाडे वरपासून खालपर्यंत काळी पडली. पण काही महिन्यांतच त्या काळ्या खोडांवर हिरवे कोंब फुटले. बहुतेक मोठे रेडवुड जगले.

आगीपुढे टिकणारी ही झाडे करवतीपुढे मात्र टिकली नाहीत. यूरोक आणि टोलोवा हे तेथील मूळ रहिवासी रेडवुडच्या लाकडाची घरे आणि होड्या करीत. त्यासाठी ते बहुधा पडलेली झाडे वापरीत. ते लोक आजही तेथे राहतात. १८५० नंतर सोन्याच्या शोधात हजारो माणसे आली, शहरे वाढली आणि लाकडाची मागणीही वाढली. मूळच्या जुन्या जंगलापैकी आज शंभरात सुमारे पाच भागच शिल्लक आहे. १९०२ मध्ये बिग बेसिन उद्यान स्थापन झाले. १९१८ मध्ये रेडवुड वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. लोकांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घेतले! १९६८ मध्ये रेडवुड राष्ट्रीय उद्यान झाले. १९९४ पासून ते आणि त्याला लागून असलेली तीन राज्य उद्याने यांचा कारभार एकत्र चालतो.

या उद्यानात पायी हिंडण्यासाठी वाटा आखलेल्या आहेत. काही वाटा इतक्या सोप्या आहेत, की लहान मुलेही आरामात चालतात. लेडी बर्ड जॉन्सन वनराई ही त्यांपैकी एक. 'टॉल ट्रीज' नावाच्या वनराईला जायचे असेल, तर आधी परवाना घ्यावा लागतो. येऊन-जाऊन सुमारे सात किलोमीटर चाल पडते. जाताना उतार असतो, त्यामुळे पाय भराभर पडतात. दमछाक होते ती परत चढताना. फर्न कॅन्यन ही एक अरुंद घळ आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती नेच्यांच्या हिरव्या झालरींनी झाकलेल्या असतात आणि मधून ओढा वाहतो. तेथे बूट भिजणारच, हे गृहीत धरून जावे.

जंगलात उन्हाळ्यातही गारवा आणि ओल असते. म्हणून एक जाड सदरा घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घेणे बरे. वाटेच्या कडेला 'पॉयझन ओक' नावाचे झुडूप असते. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते आणि फोड येतात. पळसासारखी त्याची पाने तीन-तीनच्या गटात असतात, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

सर्वांत उंच वृक्षाचे नाव हायपेरियन. तो २००६ मध्ये सापडला. त्याचे ठिकाण गुप्त ठेवले होते, तरी लोक शोधत गेलेच. तेथे जायला वाट नाही. झाडी तुडवली गेली, बुंध्याजवळचे नेचे नाहीसे झाले आणि कचरा साचला. शेवटी २०२२ मध्ये तो भाग बंद करण्यात आला. आत शिरणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खरे तर बुंध्याशी उभे राहून त्याचा शेंडा दिसतही नाही!

रात्री राहायचे असेल, तर नेमून दिलेल्या तळांवरच तंबू ठोकता येतो. उन्हाळ्यात जागा आधीच राखून ठेवावी लागते. प्रत्येक जागेजवळ लोखंडी पेटी असते. खाण्याचे सर्व पदार्थ त्या पेटीत ठेवावे लागतात. साबण आणि दात घासण्याची पेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही, कारण अस्वलाला कोणताही वास अन्नाचाच वाटतो. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली, की अस्वल पुन्हा पुन्हा तळावर येते. मग माणसांना धोका होतो आणि कित्येकदा त्या अस्वलालाच मारावे लागते.

अस्वलाची भीती सर्वांनाच असते. भाकरीच्या चुऱ्याची भीती कोणाला वाटणार? पण या जंगलात चुराही घातक ठरतो. मार्बल्ड मरेलेट हा एक लहान समुद्रपक्षी आहे. तो मासे समुद्रात पकडतो, पण अंडे घालायला जंगलात येतो. त्याचे घरटे कोठे असते, हे अनेक वर्षे पक्षितज्ज्ञांना कोडेच होते. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये एका उंच झाडावर चढलेल्या माणसाला ते अचानक सापडले. हा पक्षी काड्या जमवून घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या रुंद फांदीवरील शेवाळात मादी एकच अंडे घालते. अशा रुंद फांद्या जुन्या झाडांनाच असतात; म्हणून जंगल तुटले तशी त्याची संख्या घटली.

आता चुऱ्याचा संबंध पाहा. तळावर सांडलेले अन्न टिपायला डोमकावळे आणि त्यांच्याच कुळातले निळे 'स्टेलर जे' पक्षी येतात. फुकटचे अन्न मिळाल्यावर त्यांची संख्या वाढते. हे पक्षी चतुर असतात. आजूबाजूच्या फांद्या शोधताना त्यांना मरेलेटचे अंडे किंवा पिल्लू सापडले, तर ते खाऊन टाकतात. म्हणून या उद्यानांत मुक्कामाला येणाऱ्यांना जेवण झाल्यावर मेज पुसून, खाली पडलेला कणन् कण वेचून झाकणाच्या पेटीत टाकायला सांगितले जाते.